पडद्यावरचा आणि दारातला

1986 साली आमच्या वाडीत दूरदर्शन संच एकाच घरी होता. रात्रीची जेवणे आटोपली की त्या घराच्या ओटीवर मोठी माणसे बाकांवर आणि आम्ही मुले कोब्याच्या थंड जमिनीवर दाटीवाटीने बसत असू. त्या वर्षी ‘नुक्कड’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातला खोपडी नावाचा दारुडा आम्हां सर्वांचा लाडका झाला. तो झोकांड्या खात पडद्यावर आला की ओटीवर हशा पिके. कुणी त्याला टाकून बोलले की आम्हांला वाईट वाटे, आणि त्याचा आवाज कधी भरून आला तर बायका पदराने डोळे टिपीत.

अशाच एका रात्री खिडकीच्या गजांपाशी एक चेहरा आला. वाडीतच राहणारे, सुतारकाम करणारे ते काका होते. ज्या लाकडी घडवंचीवर तो संच ठेवला होता, ती त्यांच्याच हातची. पण अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता आणि कामापेक्षा गुत्त्याची वाट त्यांना अधिक ओळखीची झाली होती. गज धरून त्यांनी विचारले, “आज तो आहे का रे, खोपडी?” कुणी उत्तर दिले नाही. दारूचा दर्प आत आला. आमच्यापैकीच एकाने उठून खिडकी लोटली आणि कडी घातली. मग आम्ही पुन्हा पडद्याकडे वळलो आणि खोपडीच्या पुढच्या वाक्याला पोट धरधरून हसलो.

त्या कडीचा आवाज आमच्या कानांतून पुरता गेलेला नाही. एकाच रात्री, एकाच ओटीवर, एका दारुड्यासाठी आमचे मन विरघळत होते आणि दुसऱ्यासाठी खिडकीही उघडी राहत नव्हती. यातले आमचे खरे मन कोणते? पडद्यावरच्या चुकलेल्या माणसावर आपण जी माया करतो ती खरी करुणा, की बसल्या जागी मिळणारी एक करमणूक? मालिका, तिच्यातली पात्रे आणि नटनट्या यांच्यावर आवडीने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा प्रश्न कधीतरी स्वतःला विचारला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

प्रथम ‘नुक्कड’चे ऋण मान्य करू. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका शहरातल्या एका कोपऱ्याची होती. तारा जोडणारा गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, उपाहारगृह चालवणारे कादरभाई, घरकाम करणारी राधा, गणपत हवालदार, भिक्षा मागणारा घनशू, हजामत करणारा करीम, शाळेत शिकवणाऱ्या बाई, अशी ती माणसे. त्या काळच्या हिंदी चित्रपटात त्यांतले बहुतेक जण नायकाच्या पाठीमागच्या गर्दीत उभे राहिले असते. इथे त्यांच्यासाठीच कथा लिहिली गेली. आणि त्यांच्यातही खोपडी हा सगळ्यांत खालच्या पायरीवरचा.

दारुड्याचे सोंग आपल्या रंगभूमीला आणि चित्रपटाला नवीन नव्हते. अडखळती जीभ, तिरकी टोपी, एखादी उचकी, एवढ्यावर विनोदी नटांनी प्रसंग मारून नेले आहेत. समीर खक्कर यांनीही ही सारी साधने वापरली. परंतु त्यांचा खोपडी तेवढ्यावर थांबला नाही. शब्द लांबवत, मान डोलवत बोलता बोलता तो मध्येच थबके आणि त्या क्षणी आत एक शुद्धीवरचा माणूस बसलेला आहे, हे दिसून जाई. लेखकांनी त्याला मूर्ख ठरवले नाही. कोपऱ्यावरची माणसे त्याच्यावर चिडत, त्याला रागावत. पण त्याला आपल्यातून वजा करीत नसत. साच्यातला दारुडा आणि पात्र म्हणून उभा राहिलेला दारुडा यांतला फरक आम्हांला इथे कळला. पहिल्याचे पुढचे वाक्य काय असेल हे आपल्याला आधीच ठाऊक असते. दुसऱ्याच्या बाबतीत ते ऐकण्यासाठी आपण थांबतो.

आमच्या सुतारकाकांच्या पुढच्या वाक्यासाठी मात्र आम्ही थांबलो नाही.

असे का व्हावे, याचे एक उत्तर आपल्या जुन्या काव्यशास्त्रात सापडते. काश्मीरच्या भट्टनायकाने रसाच्या चर्चेत ‘साधारणीकरण’ ही कल्पना मांडली. रंगमंचावरचे दुःख अमुक एका माणसाचे राहत नाही, तसेच ते प्रेक्षकाचेही खाजगी दुःख होत नाही. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या दोन्ही बंधनांतून ते सुटते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. शोक हा प्रत्यक्षात असह्य असतो. तोच करुण रस झाला की आपण तो पाहायला आपण होऊन जातो. खोपडीच्या तोंडचा दर्प ओटीवर येत नव्हता. त्याला उसने पैसे द्यावे लागत नव्हते, रात्री-अपरात्री गटाराकडेने उचलून घरी पोहोचवावे लागत नव्हते. काकांचे दुःख साधारण होऊ शकत नव्हते. त्याला नाव होते, घर होते, वास होता आणि आमच्याकडून काही मागण्याचा हक्कही होता.

हाच काटा पंधरासोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांना टोचला होता. तरुणपणी कार्थेजला शिकत असताना त्यांना नाटकांचे विलक्षण वेड होते. रंगमंचावरच्या प्रेमिकांच्या ताटातुटीवर ते रडत आणि त्या रडण्यात त्यांना सुख वाटे. पुढे ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागात त्यांनी त्या अश्रूंची झडती घेतली. जिथे प्रेक्षकाला मदतीला धावण्याचे आवाहन नसते, केवळ दुःखी होण्याचे आमंत्रण असते, ती दया कसली, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खऱ्या दयाळू माणसाला दुसऱ्याचे दुःख मुळात नसावे असेच वाटेल. पण नाटकाच्या प्रेक्षकाला मात्र ते दुःख हवे असते. नट रडवू शकला नाही तर तो नाराज होऊन उठतो. आम्ही ओटीवर बसून नेमके हेच करीत होतो. खोपडी दारू सोडून सुधारला असता तर आमच्याइतके कुणीच हिरमुसले नसते.

तरीही पडद्यावरची माया सर्वस्वी खोटी म्हणून टाकून द्यावी, असे आम्हांला वाटत नाही. त्या ओटीवरची एक बाई आम्हांला तसे म्हणू देत नाही. ती म्हणजे सुतारकाकांची पत्नी.

काकी दाराजवळ, उंबरठ्याला लागून बसत. ‘नुक्कड’ लागले की थोडा वेळ पाहत. पण खोपडी आला आणि हशा सुरू झाला की “भात लावून आलेय” असे पुटपुटत उठून जात. आम्हांला वाटे, काकींना विनोद कळत नाही. पण याच काकींनी त्याआधीच्या ‘हम लोग’चा एकही भाग चुकवला नव्हता. जुलै 1984 ते डिसेंबर 1985 या काळात दूरदर्शनने दाखवलेली ती आपल्याकडची पहिली मोठी कौटुंबिक मालिका. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक आणि पी. कुमार वासुदेव दिग्दर्शक. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजन हे विषय मालिकांतून घरोघर पोहोचवले होते. त्या प्रयोगावरून ही कल्पना इकडे आली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार येत आणि घडल्या प्रसंगावर वडीलधाऱ्याच्या स्वरात दोन शब्द बोलत.

‘हम लोग’मध्येही एक दारुडा होता. बसेसर राम. विनोद नागपाल यांनी तो उभा केला होता. पण इथे कथा चौकात उभी नव्हती, ती घरात शिरली होती. बसेसर रामचे पिऊन येणे आपण त्याची बायको भगवंती, त्याच्या वाढत्या मुली आणि म्हातारे आईबाप यांच्यामध्ये बसून पाहत होतो. दारू तीच. पण कोपऱ्यावर ती विनोदाला आणि मैत्रीला निमित्त होते; घरात तिची किंमत भगवंतीला मोजावी लागते. काकी उंबरठ्याशी बसून डोळ्याची पापणी न लववता जे पाहत होत्या, ते हे होते. त्यांच्या दृष्टीने खोपडी अर्धाच दाखवलेला होता. त्याला त्यांनी रस्त्यावर पाहिले होते. घराच्या आत तो कसा असेल, हे मालिकेने न सांगताही त्यांना ठाऊक होते.

भगवंतीच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. सारे मुकाट सोसणारी ही स्त्री पाहून बायकांनी असे राहू नये, हा धडा प्रेक्षकांनी घ्यावा, अशी ही मालिका घडवणाऱ्यांची अपेक्षा होती. परंतु पुढे मालिकेच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की, अनेक प्रेक्षकांनी भगवंतीलाच आदर्श मानले होते. लेखकाने जो इशारा म्हणून लिहिला तो लोकांनी कित्ता म्हणून गिरवला. पात्र एकदा जिवंत झाले की ते लेखकाच्या हेतूची आज्ञा पाळत नाही. प्रेक्षक आपल्या मनात आधीपासून असलेल्या न्यायानेच त्याचा निवाडा करतो. सोसणाऱ्या बाईला थोर म्हणायची सवय समाजाला असेल, तर अशोक कुमारांच्या दोन शब्दांनी ती मोडत नाही.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. 2008 ते 2013 या वर्षांत अमेरिकेत ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका गाजली. पुढे ती आपल्याकडच्या तरुणांनीही घरबसल्या पाहिली. वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाच्या निदानानंतर, कुटुंबाची तरतूद करायची या सबबीवर अमली पदार्थ तयार करू लागतो आणि पायरी पायरीने खुनापर्यंत पोहोचतो. ब्रायन क्रॅन्स्टन यांचा अभिनय असा की, ती प्रत्येक पायरी आपल्याला समजते. लेखनाची ताकदही मोठी. पण झाले काय? प्रेक्षकांपैकी कित्येकांनी वॉल्टरला माफ केले आणि त्याला अडवणाऱ्या त्याच्या बायकोचा, स्कायलरचा, पराकोटीचा द्वेष केला. तो द्वेष स्कायलर साकारणाऱ्या ॲना गन यांच्यापर्यंत पोहोचला. 2013 साली त्यांना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला.

इथे आमच्या प्रश्नाची गाठ थोडी सैल होते, असे आम्हांला वाटते. पडद्यावर आपली माया सद्गुणी माणसाकडे जातेच असे नाही, आणि दुःखी माणसाकडेही जातेच असे नाही. कथा ज्याच्या डोळ्यांनी सांगितली जाते, त्याच्याकडे ती जाते. कॅमेरा ज्याच्या खोलीत जातो त्याची कारणे आपल्याला कळतात. ज्याला दाराबाहेर ठेवतो तो आपल्याला नुसता अडथळा वाटतो. वॉल्टरची रात्रीची तळमळ आपण पाहिली, म्हणून स्कायलरचा आवाज कर्कश वाटला. खोपडीचे मन आपण पाहिले, म्हणून गजांपाशी उभ्या असलेल्या माणसाला मन असेल हे सुचले नाही. एखाद्याला समजून घेणे चांगलेच. पण ते करताना आपण दुसऱ्या कुणाला समजून घ्यायचे राहून गेलो नाही ना, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

दुसऱ्या टोकाला रोज रात्री चालणाऱ्या कौटुंबिक मालिका आहेत. ‘हम लोग’चे दीडशेहून अधिक भाग झाले, तेव्हा ती संख्या प्रचंड वाटली होती. 2000 साली सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही हिंदी मालिका 2008 पर्यंत चालली आणि तिने अठराशेचा पल्ला ओलांडला. मराठीतली ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 एवढी टिकली आणि तीन हजारांपुढे गेली. आम्ही या मालिकांची सरसकट हेटाळणी करणार नाही. दिवसभर राबलेल्या बाईचा तो अर्धा तास कुणी हिरावून घेऊ नये. पण ज्या कथेचा शेवट ठरलेला नाही, तिची एक अडचण असते. अशा कथेचे चाक बहुधा एका दुष्ट पात्राच्या कारस्थानावर फिरते. त्या पात्राला खरा पश्चात्ताप झाला तर चाक थांबेल, म्हणून त्याला तो परवडत नाही. झालाच तर काही आठवड्यांत ओसरतो. भुवई उंचावली, संगीत कडाडले, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आदळला, की दुष्टपणाची ओळख पटते. मात्र ती बाई अशी का झाली, हे विचारायला कुणाला उसंत नसते. वर्षानुवर्षे असे पाहत राहिल्यावर काही माणसे मुळातच तशी असतात आणि ती बदलणार नाहीत, ही समजूत आपल्या नकळत घरात मुरते. आणि शेजारच्या घरातल्या सुनेवर किंवा सासूवर ती लावून पाहायला वेळ लागत नाही.

म्हणूनच आम्हांला चांगल्या नटांचे मोल फार वाटते. लेखकाने न दिलेले कारण कित्येकदा नट स्वतःजवळचे देतो. ललिता पवार यांचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. 1942 साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्या बारीक झालेल्या डोळ्याने त्यांनी पुढे चित्रपटातल्या खाष्ट सासवा साकारल्या. रामानंद सागरांच्या ‘रामायणा’त 1987 साली मंथरा म्हणून त्या आल्या, तेव्हा साऱ्या देशाला तो डोळा ओळखीचा होता. पण हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’मधली मिसेस डिसाही त्याच. 1959 सालचा तो चित्रपट. भाडेकरूवर खेकसणारी आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी ती ख्रिस्ती घरमालकीण आमच्या आईबापांच्या पिढीला आपल्याच आळीतली वाटली होती. चेहरा तोच, डोळा तोच, आवाजातली धारही तीच. एका ठिकाणी लोकांना त्यात विष दिसले, दुसऱ्या ठिकाणी वात्सल्य. ज्या चेहऱ्यावरून आपण माणसाला दुष्ट ठरवतो, तो चेहरा तर एका अपघाताने घडला होता.

नटाला आपल्या पात्राचा न्यायाधीश होऊन चालत नाही, आणि वकील होऊनही चालत नाही. मंथरा करायची तर मंथरेला आपले म्हणणे खरे का वाटते, हे आधी शोधावे लागते. पण तिने घातलेला घाव हळुवार करून दाखवला, तर कैकेयीच्या महालातला तो प्रसंग लंगडा पडतो. कारण समजायचे आणि घाव लपवायचा नाही. आमच्या मते पात्रचित्रणाची नीती एवढीच आहे. एखाद्या मालिकेत शेवटी सज्जनांचा जय होतो की नाही, यावरून आम्ही आता तिची योग्यता ठरवत नाही. चुकणाऱ्याला तिने कारण दिले का, आणि ज्याच्यावर घाव बसला त्याला तोंड दिले का, हे पाहतो. ज्या थोड्या मालिका ही दोन्ही कामे करतात, त्या पाहून उठल्यावर शेजारचे दार थोडे निराळे दिसते. संत ऑगस्टीन यांच्या आक्षेपाला आमच्याजवळ एवढेच उत्तर आहे. नाटक आपल्याला मदतीला बोलावत नाही हे खरे. परंतु नाटक संपते, दिवा लागतो, आणि मग घरी जाण्याच्या वाटेवर कुणी ना कुणी बोलावणारे भेटतेच.

15 मार्च 2023 रोजी समीर खक्कर यांचे निधन झाल्याची बातमी आली. त्या ओटीवरच्या आम्हां मंडळींपैकी जे वाडीत उरलो होतो, ते संध्याकाळी एकत्र बसलो असता सहजच खोपडीचा विषय निघाला. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. काकी आता वाकल्या आहेत, कमी ऐकू येते. आम्ही त्यांना मोठ्याने सांगितले, “काकी, तो खोपडी होता ना, तो गेला.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चांगला होता तो. आमचे हेपण रस्त्यावर चांगलेच असायचे.”

त्या वाक्यात तक्रार होती की आठवण, आम्हांला उमगले नाही. आम्ही उत्तरादाखल काहीतरी बोलू पाहत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारले, “त्या रात्री खिडकी लावलीत, तेव्हा ते बराच वेळ बाहेर उभे होते. आवाज तरी ऐकू येतोय म्हणाले. तुम्हांला माहीत होतं का?”

आम्हांला माहीत नव्हते. इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलेही नव्हते.